प्लेरिक्साफोर: पेशीची जागा सोडवणारा रेणू

कर्करोगावरच्या बहुतेक औषधांना एकच प्रश्न विचारला जातो: पेशी किती मेल्या? प्लेरिक्साफोरच्या बाबतीत तो गैरलागू आहे. हा रेणू पेशी मारत नाही, तिला तिच्या जागेवरून हलवतो.

अस्थिमज्जेतील आधारपेशी सीएक्ससीएल-१२ हे केमोकाइन स्रवतात. रक्ताच्या मूळपेशींच्या पृष्ठभागावर त्याचा ग्राही, सीएक्ससीआर-४, असतो. या दोहोंच्या बंधामुळे मूळपेशी मज्जेत टिकून राहतात. प्लेरिक्साफोरमध्ये प्रत्येकी चार नायट्रोजन असलेली दोन मोठी वलये बेंझीनच्या दुव्याने जोडलेली आहेत. शरीरात त्यांतील काही नायट्रोजनांवर धनभार येतो आणि ग्राहीच्या खोबणीतील ऋणभारित अमिनो आम्लांना ते घट्ट धरतात. केमोकाइनला मग तिथे थारा उरत नाही. याच भारामुळे औषध आतड्यातून नीट शोषले जात नाही, म्हणून ते त्वचेखाली टोचतात.

मुळात शोध सुरू होता एचआयव्हीविरोधी औषधाचा. बेल्जियममधील ल्यूव्हेनच्या रेगा संस्थेत एरिक द क्लर्क यांच्या गटाला सायक्लॅम या चार नायट्रोजनांच्या वलयाकार संयुगाच्या नमुन्यातील एका अशुद्धीत विषाणूरोधक गुण आढळला. त्यातूनच पुढे एएमडी-३१००, म्हणजे आजचे प्लेरिक्साफोर, घडले. सीएक्ससीआर-४ हा विषाणूच्या पेशीप्रवेशातला सहग्राही असल्याचे १९९६ मध्ये कळले. निरोगी स्वयंसेवकांवरच्या चाचणीत रक्तातील पांढऱ्या पेशी वाढल्या. दुष्परिणाम म्हणून हे दुर्लक्षिले गेले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्या निरीक्षणाचा पाठपुरावा झाला. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेत नॉन-हॉजकिन लिम्फोमा व मल्टिपल मायलोमाच्या रुग्णांकडून, जी-सीएसएफ या वाढघटकाच्या जोडीने, प्रत्यारोपणासाठी मूळपेशी गोळा करण्यास मान्यता मिळाली.

खरा पेच ल्युकेमियात आहे. तिथे रोगग्रस्त पेशीही याच बंधाने मज्जेत राहतात आणि केमोथेरपीपासून बचावतात. त्यांना रक्तात आणून मग औषधांचा मारा करावा, हा तर्क रुग्णांवर तपासला गेला आहे. पण प्रत्यारोपणासाठी मूळपेशी गोळा करताना हेच केले, तर रोगग्रस्त पेशीही त्यांच्यासोबत येऊ शकतात. म्हणूनच औषधाच्या माहितीपत्रकात ल्युकेमियाच्या रुग्णांसाठी हा वापर अभिप्रेत नसल्याचे म्हटले आहे. रेणूची क्रिया दोन्हीकडे तीच; हिताहित ठरते ते बाहेर आलेल्या पेशीचे पुढे काय करायचे यावरून. माझ्या मते हा निकष लावल्याशिवाय या औषधाबद्दलची कोणतीही चर्चा अर्धवटच राहते.

घन गाठींत उद्देशच निराळा असतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या उंदरांवरच्या अभ्यासात गाठीभोवतालच्या तंतुपेशींमधून येणारे सीएक्ससीएल-१२ टी-पेशींना दूर ठेवते असे दिसले. प्लेरिक्साफोर दिल्यावर टी-पेशी गाठीत शिरल्या आणि टी-पेशींना आवरणारे पीडी-एल१ हे प्रथिन रोखणाऱ्या प्रतिपिंडाचाही प्रभाव दिसू लागला. पुढे माणसांवरच्या चाचणीत ते आठवडाभर सतत शिरेतून दिले गेले, कारण रक्तातील त्याचे अर्धायुष्य काही तासांचेच आहे. गाठींच्या नमुन्यांत प्रतिकारसंस्था जागी झाल्याच्या खुणा सापडल्या. रुग्णाचे आयुष्य वाढते असे त्यावरून म्हणता येत नाही.