पहाटे तीनची टक्कर, सव्वासातचा स्फोट

आजच्या भागात राजे नाहीत, किल्ले नाहीत. आज गोष्ट एका कायद्याची आहे, आणि ती सुरू होते आमच्याच घरातून.

माझे मामा वाळूजला फिटर आहेत. चार महिन्यांपूर्वी बीड बायपासवर एका टेम्पोने त्यांच्या गाडीला उडवलं. पाय मोडला, आत रॉड टाकावा लागला. मागच्या रविवारी भेटायला गेलो, तर समोर एक कागद. टेम्पोवाला दहा हजार देणार, मामांनी ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून द्यायचं. मामा सही करायच्या बेतात होते. म्हणाले, “चूक माझीच म्हणायलेत ते. मग कशाची भरपाई मागायची?”

मी कोड लिहिणारा माणूस, वकील नाही. पण हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. शोधायला बसलो आणि कळलं, याच प्रश्नावर आपल्याकडे सव्वाशे वर्षं घासाघीस झाली आहे.

१८५५ साली इंग्रजांनी प्राणघातक अपघातांचा कायदा केला. घरातला माणूस दुसऱ्याच्या चुकीने गेला, तर घरचे भरपाई मागू शकत. पण ती चूक त्यांनीच सिद्ध करायची, तीही दिवाणी कोर्टात. १९३९ मध्ये मोटार वाहन कायदा आला. १९५६ च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळ्या न्यायाधिकरणांची सोय झाली. वाट जरा सोपी झाली, अट मात्र तीच राहिली. १९७७ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही.

आता विचार करा. रात्री हायवेवर माणूस गेला, साक्षीदार कोणी नाही. त्याच्या बायकोने चूक सिद्ध करायची कशी?

१९८२ मध्ये संसदेने कायद्यात कलम ९२-अ घातलं. मृत्यू झाला तर १५,००० रुपये, कायमचं अपंगत्व आलं तर ७,५००. चूक कोणाची, हे विचारायचंच नाही. जखमी किंवा मृत माणसाची स्वतःची चूक असली, तरी हा हक्क जात नाही.

या कलमाची खरी परीक्षा झाली सातारा जिल्ह्यात. २९ ऑक्टोबर १९८७. पुणे-बंगळूर हायवेवर कवठे गावाजवळ पहाटे तीनच्या सुमारास पेट्रोलचा टँकर आणि ट्रकची टक्कर झाली. टँकर रस्त्यापासून वीसेक फुटांवर जाऊन आडवा झाला. पेट्रोल गळून साचायला लागलं. लोक जमले. सव्वासात वाजता स्फोट झाला. अनेक जण भाजले, त्यातले कित्येक गेले. त्यांत पंचविशीतला एक तरुणही होता.

त्याच्या आईने ९२-अ खाली दावा लावला. न्यायाधिकरणाने तो फेटाळला. कारण काय, तर टक्कर वेगळी, स्फोट वेगळा. लोक पेट्रोल चोरायला गेले म्हणून आग लागली. म्हणजे पुन्हा तेच: चूक तुमचीच!

मुंबई हायकोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. टँकरमालक सुप्रीम कोर्टात गेला. पंधरा हजारांसाठी! जुलै १९९१ मध्ये निकाल लागला. अपघात होऊन पडलेली गाडीसुद्धा कायद्याच्या अर्थाने ‘वापरात’च असते. मधे चार तास गेले म्हणून टक्कर आणि स्फोट यांचं नातं तुटत नाही. ती बाई जिंकली. देशभरातली न्यायाधिकरणं आजही या निकालाचा आधार घेतात.

आणि आज? १९८८ चा कायदा आहे, त्यात २०१९ मध्ये झालेले बदल १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. खर्च आणि बुडालेली कमाई त्याहून जास्त असेल, तर कलम १६६ आहे. तिथे मात्र समोरच्याची चूक दाखवावी लागते. १६४ ची रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो, म्हणून आधी वकिलाला विचारा. दावा अपघात झाला तिथे लावता येतो, किंवा तुम्ही राहता तिथेही. आणि मुदत सहा महिन्यांची. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण आपण त्या भरवशावर बसायचं नाही.

हे सगळं मी मामांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, “त्या बाईला किती वर्षं लागली म्हणलास?”

जवळपास चार.

आमच्याकडे दोन महिने उरलेत. एफआयआरची कॉपी, पंचनामा, दवाखान्याची बिलं, टेम्पोचा पॉलिसी नंबर, सगळं एका फाईलला लावलंय. ‘तक्रार नाही’वाला कागद अजून टेबलावरच आहे, सही न केलेला. सोमवारी वकिलाकडे जातोय.

तुमच्या घरात कोणासमोर असा कागद आला असेल, तर हा भाग त्यांना आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात. गाडी सावकाश चालवा!