दीर्घकाळ बंद असलेल्या मोटारीचे इंजिन सुरू करणे

दीर्घकाळ बंद असलेल्या मोटारीचे इंजिन सुरू करणे म्हणजे अनेक महिने किंवा वर्षे न चालवता उभ्या ठेवलेल्या मोटारीचे इंजिन तपासणी व पूर्वतयारी करून पुन्हा कार्यान्वित करणे होय. जुन्या मोटारींच्या पुनरुज्जीवनात हा टप्पा निर्णायक ठरतो. नुसते उभे राहून सुस्थितीत टिकलेले इंजिनही पहिल्या वेळी घाईने स्टार्टर मारल्यामुळे कायमचे निकामी होऊ शकते. हा प्रश्न केवळ जुन्या मोटारींच्या संग्राहकांपुरता मर्यादित नाही. २५ मार्च २०२० पासून भारतात लागू झालेल्या टाळेबंदीत असंख्य खाजगी वाहने महिनोन्‌महिने जागची हलली नव्हती.

बंद इंजिनात होणारे बदल

चालू इंजिनात क्रँकशाफ्ट आणि त्याची बेअरिंगे एकमेकांवर घासत नाहीत. पंपाने दाबाखाली पुरवलेल्या तेलाचा पातळ थर त्यांना विलग ठेवतो. इंजिन बंद राहिले की बरेचसे तेल ओघळून तळाच्या पात्रात जमा होते. सिलिंडरच्या भिंतीवरील थरही हळूहळू नाहीसा होतो व धातू उघडा पडतो. चार सिलिंडरांचे इंजिन कोणत्याही स्थितीत थांबले, तरी एखाद्या सिलिंडरची झडप बहुधा उघडी राहतेच आणि त्या वाटेने दमट हवा आत शिरते. त्यामुळे गंज सर्व सिलिंडरांत सारखा नसतो. तीन सिलिंडर स्वच्छ आणि एक गंजलेला, असेही आढळते. कोकण किनारपट्टीच्या पावसाळी हवेत ही क्रिया अधिक वेगाने घडते. गंजामुळे पिस्टनच्या रिंगा भिंतीला चिकटून बसल्या, तर इंजिन जाम झाले असे म्हणतात.

पेट्रोलही टिकाऊ नसते. त्यातील हलके घटक उडून जातात आणि उरलेल्या भागाचे ऑक्सिडीकरण होऊन चिकट राळ तयार होते. भारतात सध्या मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल यांचा वेगळा थर टाकीच्या तळाशी बसतो. पंप नेमके तेथूनच इंधन ओढतो. पूर्वी मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या कार्ब्युरेटरच्या मोटारींत राळेमुळे जेटची बारीक छिद्रे बुजतात, तर इंधन फवारणीच्या नव्या मोटारींत इंजेक्टर तुंबतात.

पूर्वतयारी

प्रथम एअर फिल्टरची पेटी उघडून पाहतात. तेथे उंदरांनी घरटे केलेले असणे ही आपल्याकडील अगदी नित्याची बाब आहे. त्यांनी कुरतडलेल्या वायरींमुळे शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते. रबरी इंधननळ्या तडकल्या असल्यास त्या बदलाव्याच लागतात. जुने पेट्रोल काढून टाकतात, मात्र ते नळीला तोंड लावून कधीही ओढू नये. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात बेल्टचे वय तपासणे आवश्यक असते, कारण तो तुटल्यास अनेक इंजिनांत पिस्टन झडपांवर आदळून त्या वाकतात. पद्मिनीच्या इंजिनात बेल्टऐवजी साखळी असल्याने ही चिंता नसते.

पूर्ण चार्ज झालेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. बराच काळ रिकामी राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात व तिची क्षमता पुरती परत येत नाही. चार्जिंगच्या वेळी ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून ते खेळत्या हवेत करतात.

हाताने फिरवणे

संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक महत्त्व याच पायरीला आहे. सर्व स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडतात व ते किमान रात्रभर मुरू देतात. त्यानंतर क्रँकशाफ्टच्या पुलीच्या बोल्टवर पान्हा लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश फिरवतात. दोन पूर्ण फेरे विनाअडथळा झाले, तर पुढे जाता येते. अडथळा जाणवल्यास जोर लावू नये. पुन्हा तेल सोडून काही दिवस वाट पाहावी. स्टार्टर मात्र अशी वाट पाहत नाही. त्याच्या झटक्याने चिकटलेली रिंग तुटते किंवा अडकलेल्या झडपेमुळे पुशरॉड वाकतो. सिलिंडरमध्ये तेल साचलेले असताना प्लग बसवून स्टार्टर मारणेही तितकेच घातक आहे. द्रव दाबला जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

यानंतर इंजिन तेल व त्याचा फिल्टर बदलतात. प्लग काढलेलेच ठेवून, इंधनपुरवठा व इग्निशन बंद करून स्टार्टरने इंजिन १० ते १५ सेकंद फिरवतात आणि स्टार्टर थंड होण्यासाठी मध्ये विश्रांती देतात. तेलदाबाचा दिवा विझेपर्यंत हे चालू ठेवतात. दिवा विझला म्हणजे तेलाचा दाब तयार झाला असे समजतात. प्लग त्यानंतरच परत बसवतात.

पहिली सुरुवात

इंजिन पेट घेताच ॲक्सिलरेटर दाबून गर्जना ऐकण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा. तेलाचा दिवा काही सेकंदांत न विझल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे. सिलिंडरमध्ये सोडलेले तेल जळत असल्याने सुरुवातीची काही मिनिटे निळसर धूर येणे स्वाभाविक आहे. पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरमधील पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केट खराब झाल्याची शक्यता असते. हे काम बंद गॅरेजमध्ये केव्हाही करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो आणि तो थोड्या वेळात प्राणघातक ठरतो. इंजिन सुरू झाले म्हणून मोटार लगेच रस्त्यावर नेता येत नाही. ब्रेक व टायर यांची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.

डिझेल इंजिन

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतात, त्यामुळे तेल सोडण्यासाठी ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढतात. टाकीत पाणी साचले असल्यास पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा गाळ फिल्टर तुंबवतो. इंधननळ्यांत शिरलेली हवाही काढावी लागते.

अधूनमधून इंजिन चालवण्याची प्रथा

उभ्या मोटारीचे इंजिन आठवड्यातून पाच मिनिटे चालवावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरेसे तापले नाही, तर त्यातील काही पाणी सायलेन्सरमध्ये व तेलात साचून राहते आणि गंज वाढवते. शिवाय स्टार्टरने वापरलेली वीज एवढ्या वेळात बॅटरीत बहुधा भरून निघत नाही. त्यामुळे मोटार अर्धा तास प्रत्यक्ष रस्त्यावर चालवणे, किंवा ते शक्य नसल्यास ती मुळीच सुरू न करता बॅटरीची ऋण तार काढून ठेवणे अधिक योग्य ठरते.