घरगुती हवामान केंद्र : पाऊस मोजला, वेळेचे काय?

घराच्या गच्चीवर हवामान केंद्र बसवणारा हौशी निरीक्षक तापमापकाला सावली मिळते का, पर्जन्यमापक समपातळीत आहे का, याची कसून काळजी घेतो. घड्याळाकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते. वास्तविक हवामानाच्या प्रत्येक नोंदीचे दोन भाग असतात : आकडा आणि वेळ. पाऊस किती पडला, हे तो कधीपासून कधीपर्यंत मोजला हे सांगितल्याशिवाय पूर्णपणे सांगता येत नाही.

मुंबईच्या २००५ च्या महापुरातील सांताक्रूझ येथील ९४४ मिलिमीटर पावसाचा आकडा सर्वपरिचित आहे. हा पाऊस २६ जुलैच्या सकाळी साडेआठपासून २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतचा आहे. भारतीय हवामान विभागाचा पर्जन्यदिन सकाळी साडेआठला, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार ३ वाजता संपतो आणि पाऊस मोजणीच्या दिवसाच्या नावे लिहिला जातो. घरगुती यंत्रांतील ‘आजचा पाऊस’ सहसा मध्यरात्री शून्यावर येतो. अशा यंत्राने तोच पाऊस दोन तारखांत विभागला असता. दोन्ही आकडे बरोबर, पण त्यांची तुलना मात्र चुकीची ठरली असती.

वेळ आणि वेधशाळा

या दोहोंचे नाते जुने आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने उभारली, ती खगोलीय निरीक्षणांसाठी आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली, तरी स्थानिक ‘मुंबई वेळ’ शहरात पुढे अनेक वर्षे टिकून होती. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, देशातील घड्याळे एक तास पुढे होती. त्यामुळे जुन्या नोंदी वाचताना वेळ कोणती, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

घड्याळ का चुकते?

बहुतेक यंत्रांतील घड्याळ सेकंदाला ३२,७६८ कंपने करणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकावर चालते. दहा लाखांत २० भाग एवढी चूक असली, तरी दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंद आणि वर्षाला साधारण दहा मिनिटांचा फरक पडतो. हा स्फटिक सामान्यतः २५ अंश सेल्सिअसच्या आसपास जुळवलेला असतो. त्याहून फार उष्ण वा फार थंड हवेत तो मागे पडू लागतो. विदर्भातील उन्हाळ्यात गच्चीवरील पेटीत ठेवलेल्या घड्याळाला हा नियम चांगलाच जाणवतो.

याहून मोठा धोका वीज जाण्याचा. राखीव सेल नसलेले किंवा सेल संपलेले यंत्र पुन्हा सुरू होताना कारखान्यात भरलेल्या मूळ तारखेपासून मोजू लागते. वादळी पावसात वीज आणि इंटरनेट एकदमच जातात. म्हणजे ज्या रात्रीची नोंद सर्वाधिक मोलाची, तीच रात्र तारखेविना उरण्याची शक्यता असते.

उन्हाळी वेळेचा घोळ

भारतात आज उन्हाळी वेळ नाही. मात्र अमेरिकेत वा युरोपात स्थायिक झालेल्या मराठी निरीक्षकांना वर्षातून दोनदा हा प्रश्न भेडसावतो. अमेरिकेच्या बहुतांश भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. युरोपीय संघात व ब्रिटनमध्ये हे बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात. वसंतात एक तास नोंदवहीतून नाहीसा होतो. शरदात एकच तास दोनदा येतो. तेव्हा दीड वाजताच्या दोन नोंदींपैकी दुसरी पहिलीला पुसून टाकू शकते. पुसलेली नोंद पुन्हा मिळत नाही.

नियमही बदलतात. अमेरिकेने २००७ पासून या तारखा बदलल्या; मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतांश प्रदेशातील उन्हाळी वेळच रद्द केली. जुने नियम साठवलेली यंत्रे त्यानंतरही भलत्याच दिवशी घड्याळ हलवतात. यावर सोपा उपाय आहे. नोंद जागतिक प्रमाणवेळेत साठवावी आणि स्थानिक वेळ केवळ पडद्यावर दाखवावी.

वेळ जुळवण्याचे मार्ग

इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची एनटीपी पद्धत अमेरिकेतील डेव्हिड मिल्स यांनी १९८५ च्या सुमारास विकसित केली. यंत्र सर्व्हरला विचारणा करते, संदेशाच्या जाण्यायेण्यास लागलेला वेळ मोजते आणि तो हिशेबात धरून आपले घड्याळ सुधारते. हवामानाच्या नोंदींसाठी ही अचूकता पुरेशी आहे. भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे असून तीही अशी सेवा देते.

जेथे इंटरनेट नाही, तेथे जीपीएस ग्राहक उपयोगी पडतो. मात्र जीपीएसचा आठवड्यांचा मूळ गणक १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये असे घडले, तेव्हा काही जुने ग्राहक सुमारे वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवू लागले.

युरोपात जर्मनीतील माइनफ्लिंगेन येथून ७७.५ किलोहर्ट्झवर वेळेचा रेडिओ संकेत प्रसारित होतो. तेथून आणलेल्या यंत्राला भारतात या संकेताचा भरवसा नाही. अशा वेळी रेडिओग्रहण बंद करून घड्याळ हाताने लावणे इष्ट. काही यंत्रांत पूर्ण तासांचेच विभाग असल्याने साडेपाच तासांचा फरक भरता येत नाही. तेथेही हाच उपाय.

निरीक्षकाने काय करावे?

- उन्हाळी वेळेची स्वयंचलित सोय भारतात बंद ठेवावी.
- सकाळी साडेआठचा एकूण पाऊस स्वतंत्रपणे लिहावा, म्हणजे शासकीय आकड्यांशी तुलना शक्य होते.
- महिन्यातून एकदा घड्याळ तपासावे आणि आढळलेला फरक नोंदवहीत टिपावा.
- राखीव सेल पावसाळ्यापूर्वी बदलावा.
- घड्याळ मागे घ्यायचे असल्यास आधी जुन्या नोंदींची प्रत काढावी.
- चुकीच्या वेळेच्या नोंदी पुसू नयेत. चूक किती होती हे ठाऊक असेल, तर त्या नंतरही दुरुस्त करता येतात.

हवामानाच्या नोंदीचे मोल ती वर्षानुवर्षे सलग राहण्यात असते. आकड्यातील लहानशी चूक पुढे सरासरीत विरून जाईल. पण कोणत्या दिवसाचा हेच माहीत नसलेला पाऊस कितीही काटेकोरपणे मोजलेला असला, तरी अभ्यासकाच्या उपयोगाचा राहत नाही.