उत्तरेचा उजेड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

१९७१ च्या डिसेंबरात युद्ध सुरू झालं आणि ठाण्यात ब्लॅकआऊट आला. मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवले गेले. मी तेव्हा शाळेत होतो. वडिलांनी घरी खळ शिजवली आणि खिडक्यांच्या तावदानांवर काळा कागद चिकटवला. युद्ध पंधरवड्यात संपलं. पश्चिमेच्या खिडकीवरचा कागद मात्र पुढचा उन्हाळाभर तसाच राहिला. आई म्हणाली, ‘राहू दे, दुपारची खोली जरा कमी तापते.’ ते खरं होतं. पण कागदाला हात लावला तर चटका बसे आणि भरदुपारी पुस्तक वाचायला दिवा लावावा लागे.

काचेवर काहीतरी चिकटवून ऊन अडवण्याचे फायदे आणि तोटे मला असे एकाच उन्हाळ्यात कळले. पुढची तीसेक वर्षं वागळे इस्टेटमध्ये नोकरी करताना हा हिशेब पुन:पुन्हा समोर येत राहिला.

तसा हा हिशेब फार जुना आहे. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेले आजही दिसतात. त्यातून उजेड येतो तो दुधासारखा मऊ. डोळे दिपत नाहीत. विदर्भात उन्हाळ्यात दारंखिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारायची पद्धत होती. कोरडी हवा ओल्या वाळ्यातून आली की गारवा होई. तोच पडदा ठाण्यात लावून पाहा. इथली हवा आधीच ओलीचिंब, पाणी उडून जाणार तरी कुठे? गारवा नाही, नुसती घुसमट वाढेल. नागपूरचा उपाय ठाण्याला चालत नाही, हे त्या काळच्या माणसाला कोणी शिकवावं लागत नव्हतं.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची. वागळे इस्टेट ही महामंडळाच्या अगदी पहिल्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. १९७६ साली मी तिथे एका टूलरूममध्ये शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो. आमच्या शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं होतं. दात्याची उतरती बाजू पत्र्याची, उभी बाजू काचेची, आणि सगळ्या काचा उत्तरेकडे तोंड करून. पहिल्याच आठवड्यात मी फोरमनना विचारलं, ‘साहेब, सगळ्या काचा एकाच बाजूला का?’ ते म्हणाले, ‘व्हर्नियर वाचायला उजेड लागतो, बाळ. ऊन लागत नाही.’

या एका वाक्यात सगळं शास्त्र आहे. ही छपरं मूळची इंग्लंडातल्या कापडगिरण्यांची. तिथून ती मुंबईच्या गिरणगावात आली. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे दुपारचा सूर्य वर्षातला बहुतेक काळ आपल्या दक्षिणेला असतो. उत्तरेच्या काचेतून उजेड मिळतो, ऊन येत नाही. ठाण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारी थोडा उत्तरेला जातो खरा. पण त्यातला बराच काळ आभाळ ढगांनी भरलेलं असतं. म्हणून इथे ही रचना छान जमली.

१९४८ च्या कारखाने कायद्यातही या दोन गोष्टींची सांगड आहे. कामाच्या जागी उजेड देणाऱ्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ आणि मोकळ्या ठेवाव्यात, असं एक कलम सांगतं. पण उष्णता कमी करण्यासाठी जे उपाय करावे लागतील, तेवढी सूटही देतं. कामगाराचे डोळेही जपायचे आणि जीवही.

आता फिल्मकडे येऊ. ती ज्या पॉलिएस्टरची बनते, त्याचा शोध व्हिनफिल्ड आणि डिक्सन या इंग्रज रसायनतज्ज्ञांनी १९४१ साली लावला. पारदर्शक पॉलिएस्टरवर धातूचा अतिशय पातळ थर चढवून ऊन परतवणारा पडदा करायची कल्पना अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीची. तिचं पेटंट १९६६ चं. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि इमारती थंड ठेवायचा खर्च डोळ्यांत भरू लागला, तशी या फिल्मची मागणी वाढली.

या कथेत एक मराठी नावही आहे. तासगावात जन्मलेले, मोटारींच्या व्यवहारातून पुढे आलेले आबासाहेब गरवारे. त्यांच्या उद्योगसमूहाने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पॉलिएस्टर फिल्मचे कारखाने उभे केले आणि तिथली सन कंट्रोल फिल्म परदेशांत जाऊ लागली. आपल्याकडे ती लोकांना ठाऊक झाली ती मोटारींच्या काळ्या काचांमुळे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोटारींच्या काचांवर अशी फिल्म लावायला मनाई केली. तो निकाल वाहनांपुरता होता, इमारतींसाठी नव्हता. पण ‘फिल्म म्हणजे काळी काच’ ही समजूत तोवर पक्की झाली होती.

त्या समजुतीची किंमत आम्हीही मोजली होती. नव्वदच्या दशकात आमच्या कंपनीने ऑफिसच्या चारही बाजूंना गडद फिल्म लावून घेतली. पश्चिमेची बाजू सुधारली, यात वाद नाही. येऊरच्या डोंगरामागे सूर्य जाईपर्यंत तिथे बसवत नसे, ते बसवू लागलं. पण उत्तरेच्या खिडक्यांवरही तीच फिल्म लागली. जिथे ऊन येतच नव्हतं, तिथला उजेड गेला. हिशेबनिसांच्या टेबलावर दिवसभर ट्यूबलाइट जळू लागली. दोन उन्हाळ्यांनी फिल्म जांभळट पडली, तिला फुगे आले. जिन्यातली जाळीची काच तर कोणी हात न लावता तडकली. गडद फिल्म ऊन शोषून घेते. काचेचा मधला भाग तापतो, चौकटीतली कड मात्र त्या मानाने थंड राहते, आणि या ओढाताणीत काच जाते. आम्ही काचवाल्याला दोष देत राहिलो. चूक आमचीच होती. फिल्म निवडताना कोणी दिशा विचारलीच नव्हती.

तेव्हा ठाऊक नसलेली एक गोष्ट आज सांगता येते. उन्हातली जवळजवळ निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. म्हणून काळी दिसणारी फिल्म थंड असेलच असं नाही, आणि जवळपास पारदर्शक दिसणारी फिल्मही बरीच उष्णता अडवू शकते. दुकानात दोन आकडे विचारावेत: उजेड किती येतो आणि सूर्याची उष्णता किती येते. या दुसऱ्या आकड्याला सौर उष्णता गुणांक म्हणतात. साध्या पातळ काचेचा हा गुणांक ०.८५ च्या आसपास असतो. म्हणजे शंभरातली पंच्याऐंशी भाग उष्णता आत. ठाण्याच्या पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या खिडकीला हा आकडा जितका कमी तितका बरा, पण उजेडाचा आकडा चांगला हवा. दक्षिणेचं ऊन वरून येतं, तिथे छज्जा पुष्कळ काम करतो. उत्तरेला बहुधा काहीच नको.

गाव बदललं की उत्तर बदलतं. २००७ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने इमारतींसाठी जी संहिता आणली, तिने देशाचे पाच हवामान विभाग मानले: उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. सोलापूरला ऊन अडवणं महत्त्वाचं. लेहमध्ये उलट, हिवाळ्याचं ऊन हेच घराचं शेगडीसुख. तिथे ऊन परतवणारी फिल्म लावणं म्हणजे शेगडीवर पाणी ओतणं. थंड प्रदेशात खोलीतली ऊब खोलीतच ठेवणारा थर हवा. तसे थर १९८० च्या सुमारास बाजारात आले. आणि आपल्यासारख्या दमट गावात कोणतीही फिल्म वारा देत नाही, हेही लक्षात ठेवावं. खिडकी उघडली की फिल्मचा प्रश्नच मिटतो. ती बंद ठेवायचीच असेल, तर मग फिल्मचा विचार.

आमची ती करवती छपराची शेड आता राहिली नाही. वागळे इस्टेटमधले कितीतरी कारखाने बंद झाले आणि त्यांच्या जागी काचेच्या उंच इमारती आल्या. मध्यंतरी एका ओळखीच्या मुलीला भेटायला तशाच एका इमारतीत गेलो होतो. दुपारचे चार वाजले होते. पश्चिमेची भिंत मजल्यापासून छतापर्यंत काचेची. एसी चालू, पडदे ओढलेले, आणि सगळे दिवे लागलेले. ती म्हणाली, ‘काका, फिल्म लावून घ्यायचं चाललंय. कुठली चांगली?’

मला फोरमनसाहेब आठवले. मी म्हटलं, ‘नमुने नंतर बघू. आधी सांग, सूर्य कुठून येतो?’