पिसूचा पत्ता

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगचें निदान केलें. या रोगाचा जंतु येर्सँ यांनीं १८९४ सालींच हाँगकाँग येथें शोधून काढला होता. परंतु तो मनुष्याच्या शरीरांत शिरतो कसा, हें कोणास सांगतां येत नव्हतें. या अज्ञानाची किंमत घरोघर मोजावी लागली. घाण व कोंदट हवा यांवर सारा रोष धरून भिंतींना चुना फांसण्यांत आला, मोऱ्यांत कार्बॉलिक ओतण्यांत आलें, कपडेलत्ते जाळण्यांत आले. पुण्यांत गोऱ्या शिपायांनीं घरांत शिरून झडत्या घेतल्या. त्यांतून उसळलेला संताप २२ जून १८९७ रोजीं रँडवरील गोळीबारापर्यंत पोंचला. माणसांची झडती झाली. उंदराच्या अंगावरील पिसूकडे मात्र कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

तें गेलें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराचें. २ जून १८९८ रोजीं कराचीच्या एका हॉटेलांत त्यानें प्लेगनें आजारी पडलेला उंदीर कांचेच्या बरणींत ठेवला. पिसवा कमी पडूं नयेत म्हणून तेथल्याच एका मांजराच्या अंगावरून आणखी कांहीं मिळविल्या. मग निरोगी उंदराचा पिंजरा बरणींत अशा बेतानें सोडला कीं, उंदरास उंदीर शिवूं नये, पिसूला मात्र उडी मारतां यावी. थोड्याच दिवसांत निरोगी उंदीरहि प्लेगनें मेला. विद्वानांनीं प्रथम या शोधाकडे संशयानेंच पाहिलें. पुढें १९०५ पासून मुंबईस परळ येथें प्लेग कमिशनानें प्रयोग केले. प्लेगग्रस्त घरांत मोकळे सोडलेले गिनी-पिग मरत. बारीक जाळीच्या पिंजऱ्यांतले वांचत. तेव्हां संशय फिटला.

कुत्र्यामांजरांची पिसू उंदरांच्या पिसूहून निराळी आहे व ती प्लेगची मुख्य वाहक नव्हे. तरी तिला घालवितांना तीच जुनी चूक घडते : दिसेल त्यावर हल्ला होतो आणि लपलेलें तसेंच राहतें. जनावराच्या अंगावर दिसतात त्या केवळ वाढलेल्या पिसवा. अंडीं गळून सतरंजींत, फरशीच्या फटींत पडतात. तेथेंच अळ्या होतात व कोशांत कित्येक महिने दडून राहूं शकतात. म्हणून नुसतें कुत्र्यास न्हाऊं घालून भागत नाहीं. घरांतील सर्व जनावरांस पशुवैद्याच्या सल्ल्यानें एकाच वेळीं औषध द्यावें, त्यांचीं अंथरुणें कढत पाण्यांत धुवावीं, फटी झाडून केर घराबाहेर टाकावा, आणि हा क्रम कित्येक आठवडे सोडूं नये. कुत्र्यांसाठीं असलेलें परमेथ्रिनयुक्त औषध मांजरास कदापि लावूं नये. तें तिच्या जिवावर बेततें.

प्लेगच्या काळीं शत्रूचा पत्ता ठाऊक नव्हता, म्हणून निरपराध घरें धुंडाळलीं गेलीं. आज तो पत्ता ठाऊक आहे. केरसुणी तेथवर पोंचली पाहिजे, इतकेंच.