तंजावरच्या सेनापतीची शपथ

तंजावरच्या राजवाड्याचे नाव निघाले की मराठी माणसाला प्रथम आठवतो तो सरस्वती महाल. तेथील ताडपत्रांचे, मोडी कागदांचे आणि सरफोजीराजांनी जमविलेल्या ग्रंथांचे कौतुक यथार्थच आहे. परंतु कोणतेही राज्य केवळ ग्रंथांवर चालत नाही. ह्याच वाड्यातून प्रतापसिंहराजे राज्य करीत असता, १७५२ च्या जून महिन्यात, त्यांच्या सेनापतीच्या छावणीत एका शरणागताचा खून झाला. मारणारा हात कोणाचा, हे त्याच वेळी साऱ्यांना कळले. त्या हातामागे आज्ञा कोणाची होती, ह्याचा निवाडा मात्र पावणेतीनशे वर्षांत झालेला नाही.

मारला गेला तो अर्काटचा नवाब दोस्त अली ह्याचा जावई चंदासाहेब. हा पुरुष शूर खरा, पण त्याच्या शब्दाचा भरवसा कोणी धरावा असा नव्हता. त्रिचनापल्लीची राणी मीनाक्षी हिच्याशी त्याने शपथपूर्वक करार केला आणि पुढे तिचेच राज्य गिळंकृत केले. शपथेच्या वेळी रेशमी वस्त्रात कुराण नव्हतेच, नुसती वीट गुंडाळलेली होती, अशी आख्यायिका त्या प्रांतात सांगतात. पुढे १७४१ साली रघूजी भोसले ह्यांनी त्रिचनापल्ली जिंकून त्यास पकडले. सुमारे सात वर्षे मराठ्यांच्या कैदेत काढून तो सुटला, आणि फ्रेंचांच्या साहाय्याने पुन्हा कर्नाटकात उतरला.

१७४९ च्या ऑगस्टमध्ये अंबूरच्या लढाईत अर्काटचा नवाब अन्वरुद्दीन पडला. त्याचा पुत्र महंमद अली त्रिचनापल्लीस पळाला. त्याच्या दृष्टीने चंदासाहेब हा नुसता प्रतिस्पर्धी राहिला नाही, तो पित्याचा काळ ठरला. त्याच वर्षाच्या अखेरीस चंदासाहेबाने तंजावरास वेढा घातला आणि प्रतापसिंहांकडून सत्तर लक्ष रुपयांचे वचन वदवून घेतले. राजांनी घासाघीस करीत दिवस ढकलले. तेवढ्यात नासिरजंगाची फौज येत असल्याची वार्ता आली आणि वेढा उठला. शहर वाचले, पण अपमान विसरला गेला नाही. एका माणसाभोवती दोन घराण्यांचे वैर असे जमा झाले.

दोन वर्षांत पारडे फिरले. चंदासाहेब आणि फ्रेंच त्रिचनापल्लीस वेढा देऊन बसले असता महंमद अलीच्या मदतीस इंग्रज आले, म्हैसूरचा नंदराज आला, मुरारराव घोरपडे आले, आणि तंजावरहून सेनापती मानोजी आपली फौज घेऊन आला. फ्रेंच सेनानी लॉ ह्याने माघार घेऊन कावेरीच्या पात्रातील श्रीरंगमच्या बेटावर आश्रय घेतला. दक्षिणेस मेजर लॉरेन्स, उत्तरेस क्लाइव्ह, अशी कोंडी झाली. चंदासाहेबाचे सैनिक त्यास सोडून जाऊ लागले. ज्याच्या नावावर अर्काटच्या मसनदीसाठी एवढी युद्धे झाली, तो आता केवळ निसटण्याची वाट शोधीत होता.

ही वाट त्याने मानोजीमार्फत शोधली. इंग्रज इतिहासकार ऑर्म ह्याने हा प्रसंग तपशीलवार लिहून ठेवला आहे. काही रक्कम रोख देण्यात आली, आणखी मोठ्या रकमेचे आश्वासन देण्यात आले. चंदासाहेबास कारिकल ह्या फ्रेंच ठाण्यापर्यंत सुखरूप पोचवावयाचे, असे ठरले. लॉ ह्याने ओलीस मागितला. त्यावर मानोजीने उत्तर दिले की, दगाच करावयाचा झाल्यास ओलीस त्यास अडवू शकणार नाही, आणि ओलीस दिल्याने गुप्त गोष्ट मात्र फुटेल. मग त्याने आपली तलवार व कट्यार ह्यांची शपथ घेतली. मराठा शिपायाला ह्याहून मोठी शपथ नव्हती. रात्री चंदासाहेब तंजावरच्या छावणीत आला. पालखी तयार आहे असे त्यास सांगितले होते. पण पालखीऐवजी बेड्या त्याची वाट पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी कैद्यावरून कलह माजला. महंमद अली, नंदराज व मुरारराव ह्या प्रत्येकास तो आपल्या स्वाधीन हवा होता. लॉरेन्सने त्यास इंग्रजांच्या ठाण्यात ठेवावे असे सुचविले. ते कोणासच रुचले नाही. कैदी एकास दिला तर उरलेले शत्रू होणार, हे मानोजीने ओळखले. लॉ शरण आल्यावर तो लॉरेन्सला भेटला. ह्या प्रश्नावर इंग्रज अधिक वाद घालणार नाहीत, अशी त्याची खात्री पटली आणि तो छावणीत परतला. त्यानंतर त्याच्या पदरचा एक पठाण चंदासाहेबाच्या तंबूत शिरला. वृद्ध व आजारी चंदासाहेब जमिनीवर पडला होता. मानोजीशी अत्यंत महत्त्वाचे बोलावयाचे आहे, असे त्याने हाताने खुणावून सांगितले. पठाणाने ते ऐकले नाही. मस्तक त्रिचनापल्लीस गेले. महंमद अलीने आपल्या वैऱ्याचे तोंड तेव्हाच प्रथम पाहिले. उंटाच्या गळ्यात बांधून ते मस्तक तटाभोवती पाच वेळा फिरविण्यात आले.

येथून इतिहासाची चौकशी सुरू होते. पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्ले ह्याने दोष इंग्रजांच्या माथी मारला. लॉरेन्सने एक शब्द उच्चारला असता तर प्राण वाचला असता, हा फ्रेंच पक्षाचा मुद्दा. इंग्रजांनी सारा भार मानोजीवर टाकला. मस्तकाची मिरवणूक काढणारा महंमद अली निर्दोष म्हणावा तर आनंद त्याचा सर्वांत मोठा. प्रतापसिंहांची आज्ञा होती की सेनापतीने स्वबुद्धीने हे केले, ह्यावरही एकमत नाही. इंग्रजांचे पंचांग त्या काळी फ्रेंचांच्या अकरा दिवस मागे असे, त्यामुळे दोघांच्या कागदांत तिथ्याही जुळत नाहीत. साक्षीदार पुष्कळ, पण प्रत्येक साक्षीदार कोणत्या ना कोणत्या पक्षाचा; असा हा खटला आहे.

मात्र एक गोष्ट कोणत्याही कागदाने बदलत नाही. लॉरेन्सने मौन धरले असेल, नवाबाने आग्रह केला असेल, राजवाड्यातून सूचनाही आली असेल. शपथ घेतली होती ती मानोजीने. चंदासाहेबाने मीनाक्षीस फसविले होते, म्हणून त्यास फसविणे न्याय्य ठरत नाही. ह्या कृत्याबद्दल मानोजीस शासन झाल्याचे दिसत नाही. १७५३ साली त्याचे सेनापतिपद गेले ते दरबारातील सखोजीच्या कारस्थानाने, आणि वर्षभरात राज्य संकटात येताच ते त्यास परतही मिळाले.

लाभ अखेर कोणाचा झाला? महंमद अली इंग्रजांचा ऋणको बनला. १७७३ साली त्याच्याचसाठी इंग्रजी फौजेने तंजावर घेतले आणि प्रतापसिंहांचे पुत्र तुळजाजीराजे कैदी झाले. तीन वर्षांनी राज्य परत मिळाले, पण स्वातंत्र्य मिळाले नाही. ज्या मित्रासाठी तंजावरच्या सेनापतीने आपल्या तलवारीची शपथ मोडली, त्याच मित्राने तंजावरचा वाडा घेतला.

पुढे १८०३ साली सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. तो प्रचंड शिलालेख पाहून मन अभिमानाने भरते, आणि ते भरावे. परंतु श्रीरंगमसमोरच्या त्या छावणीत बेड्या ठोकलेल्या वृद्धाचे जे शब्द मानोजीपर्यंत पोचले नाहीत, ते कोणत्याही शिळेवर सापडावयाचे नाहीत.