फावडे आणि पगाराची पावती

१२ मार्च १८८८, सोमवारची संध्याकाळ. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीट भागातून रॉस्को कॉन्क्लिंग घरी जायला निघाले, तेव्हा रस्ता कुठे संपतो आणि फूटपाथ कुठे सुरू होतो हेच दिसत नव्हते. एका घोडागाडीवाल्याने मॅडिसन स्क्वेअरपर्यंत सोडायचे पन्नास डॉलर सांगितले. मजुराची ती महिनाभराची कमाई. माजी सिनेटर आणि नामांकित वकील असलेल्या कॉन्क्लिंगना पैशांची वाण नव्हती, पण अशी अडवणूक त्यांना मानवण्यासारखी नव्हती. वय ५८, शरीर कमावलेले. ते चालतच निघाले. युनियन स्क्वेअरच्या उघड्या मैदानात कमरेपेक्षा वर चढलेल्या बर्फात अडकले, पडले, कसेबसे उठले आणि सुमारे तीन तासांनी आपल्या क्लबच्या दारात पोचून कोसळले. पाच आठवड्यांनी, १८ एप्रिलला, त्यांचे निधन झाले.

त्या वादळाने अमेरिकेच्या ईशान्य भागात चारशेच्या वर बळी घेतले, त्यातले सुमारे दोनशे न्यूयॉर्कमध्ये. शहरात २१ इंच बर्फ पडला होता. आकडा ऐकायला फार मोठा नाही, पण वाऱ्याने तो ढकलत नेऊन घरांच्या दारांशी रचला होता. खांबांवरून धावणाऱ्या गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि हजारो प्रवासी अधांतरी अडकले. काही चलाख मंडळींनी खाली शिड्या लावल्या आणि उतरायचे पैसे घेतले. तार, टेलिफोन आणि विजेच्या तारांची जाळी तुटून रस्त्यांवर लोंबत होती. तारा जमिनीखाली घालायच्या आणि गाड्याही जमिनीखालून न्यायच्या, या दोन्ही मागण्यांना या वादळाने जोर आला. भुयारी रेल्वे सुरू व्हायला मात्र १९०४ साल उजाडले.

वादळ शमल्यावर प्रश्न उरला तो साधा: हा बर्फ उचलायचा कोणी?

मुंबईत पहिल्या मोठ्या पावसात रुळांवर पाणी चढले की महापालिकेची जशी झाडाझडती होते, तशी न्यूयॉर्कमध्ये पहिल्या मोठ्या बर्फात होते. तिथे १८८१ पासून रस्ते झाडणारे स्वतंत्र खाते होते. पण ते राजकीय वशिल्याचे कुरण झालेले. घोड्यांची लीद, राख आणि कचरा वर्षभर गल्लीत साचायचा, आणि हिवाळ्यात त्यावर बर्फाचा थर चढायचा. बर्फ हलवायची रीत एकच: कंत्राटदाराने माणसे जमवायची, माणसांनी फावड्याने घोडागाड्या भरायच्या, गाड्यांनी धक्क्यावर जाऊन ईस्ट किंवा हडसन नदीत तो ओतायचा. बर्फ पडला की शहराची अडचण व्हायची आणि बेकाराला रोजगार मिळायचा. ज्याच्या घरात कोळसा नाही त्याने रात्री आभाळाकडे पाहून बर्फाची वाट पाहावी, असा हा व्यवहार होता.

हा व्यवहार किती खोल होता ते १८९३च्या मंदीने दाखवले. बँका बुडाल्या, कारखाने थांबले आणि हिवाळा तोंडावर आला. व्यापारी नेथन स्ट्राउस यांनी गरिबांसाठी कोळशाची आणि स्वस्त निवाऱ्याची सोय केली. पण शहरातल्या संघटित दानधर्मावर छाप होती ती जोसेफिन शॉ लोवेल यांची. यादवी युद्धात पती गमावलेल्या या बाईंनी १८८२ मध्ये न्यूयॉर्कची चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी उभारली होती. फुकटची भिक्षा माणसाला पांगळे करते, हे त्यांचे ठाम मत. १८९३-९४च्या हिवाळ्यात त्यांच्या ईस्ट साइड समितीने देणगीच्या पैशांतून बेकारांच्या हाती झाडू दिले, चाळवजा इमारतींना चुना मारायला लावला आणि त्याची मजुरी चुकती केली. म्हणजे देणगीदाराचा डॉलर आणि शहराचा रस्ता यांची गाठ त्या हिवाळ्यात झाडूच्या दांड्यावर पडली. मदत मिळायची, पण थंडीत उभे राहून.

१८९५ मध्ये जॉर्ज वॉरिंग खात्याचे प्रमुख झाले आणि चित्र पालटले. हे मूळचे सांडपाणी-अभियंते, यादवी युद्धात कर्नल राहिलेले. त्यांनी झाडूवाल्यांना पांढराशुभ्र गणवेश चढवला. घाणीच्या कामाला पांढरे कपडे, म्हणून आधी टिंगल झाली. पण पांढरा माणूस लांबून दिसतो, गुत्त्यात शिरला की लगेच उठून दिसतो, आणि लोकांच्या मनात त्याची जागा इस्पितळातल्या माणसाशेजारी लागते. 'व्हाइट विंग्ज' हे नाव त्यांना कायमचे चिकटले. १८९६ मध्ये त्यांची पाचव्या ॲव्हेन्यूवरून संचलनफेरी निघाली. वॉरिंगनी आणखी एक गोष्ट केली, जिची चर्चा कमी होते: कामगारांनी निवडलेली एक्केचाळीस जणांची समिती, आणि तक्रारींवर तोडगा काढणारे एक मंडळ. रस्ता झाडणाऱ्याला तक्रार असू शकते, हे शहराने मान्य करण्याची ती सुरुवात होती. वॉरिंग १८९८ मध्ये हवानाच्या स्वच्छतेची पाहणी करून परतले ते पीतज्वर घेऊनच, आणि त्यातच गेले.

याच काळात दानाचीही यंत्रणा बसत होती, आणि तिचे महत्त्वाचे टप्पे हिवाळ्याशीच जोडलेले आहेत. डेन्व्हरमध्ये १८८७ साली फ्रान्सिस वाइजबार्ट जेकब्ज यांनी काही धर्मगुरूंच्या साथीने वेगवेगळ्या संस्थांसाठी एकच वर्गणी गोळा करण्याची पद्धत सुरू केली. आजची 'युनायटेड वे' आपले मूळ तिथे मानते. सॅन फ्रान्सिस्कोत डिसेंबर १८९१ मध्ये साल्व्हेशन आर्मीचे कॅप्टन जोसेफ मॅकफी यांना गरिबांना नाताळचे जेवण घालायचे होते आणि खिशात काही नव्हते. खलाशी असताना लिव्हरपूलच्या धक्क्यावर पाहिलेले दानाचे भांडे त्यांना आठवले. त्यांनी मार्केट स्ट्रीटच्या टोकाला, फेरीबोटीच्या वाटेवर, तिकाटण्याला एक मोठे पातेले टांगले. आजही डिसेंबरात अमेरिकेतल्या दुकानांच्या दाराशी घंटी वाजवणारा माणूस उभा असतो, तो त्या पातेल्याचा वारस.

न्यूयॉर्कमध्ये १९११च्या नाताळला 'न्यूयॉर्क टाइम्स'चे मालक ॲडॉल्फ ऑक्स भरपेट जेवून फिरायला बाहेर पडले. वाटेत एक फाटका माणूस भेटला. जेवण मिळाले होते, झोपायला जागा नव्हती. ऑक्सनी त्याला थोडे पैसे आणि आपले कार्ड दिले, उद्या कामासाठी ये म्हणाले. पुढच्या डिसेंबरपासून त्यांच्या पत्रात शहरातल्या शंभर अतिगरजू कुटुंबांच्या हकिगती छापून येऊ लागल्या. देणगी मागायची नाही, फक्त हकिगत छापायची, हा नियम. पैसे आपसूक येऊ लागले.

आतापर्यंत देणारा वेगळा आणि फावडे मारणारा वेगळा होता. १९३०च्या हिवाळ्यात ही सीमारेषा पुसली.

शेअर बाजार कोसळून वर्ष झाले होते. महापौर जिमी वॉकर यांनी ऑक्टोबर १९३० मध्ये बेकार आणि गरजूंच्या मदतीसाठी समिती नेमली. पैसे आले मुख्यतः शहराच्या नोकरांच्या पगारातून. कोणत्या गल्लीत कोण उपाशी आहे याची खबर पोलिसांकडे होती, म्हणून वाटपही पोलीस ठाण्यांतून: धान्य, कपडे, कोळसा. ज्या दारात माणूस एरवी खाली मान घालून जायचा, तिथे आता बायका रिकामी पिशवी घेऊन रांग लावू लागल्या. शाळांचे शिक्षकही आपल्या पगारातून मुलांच्या जेवणाची आणि बुटांची तजवीज करत होते. शिकागोत तर याहून बिकट. तिथल्या महापालिकेची तिजोरी रिकामी, शिक्षकांचे पगार महिनोन्‌महिने थकलेले किंवा वचनचिठ्ठ्यांत चुकवलेले. तरी १९३१ मध्ये त्या शिक्षकांनी अकरा हजार मुलांना पदरमोड करून खाऊ घातले.

या दातृत्वाला एक गैरसोयीची बाजूही होती. शहराचा नोकर देत होता तो खुशीने किती आणि वरिष्ठ पाहत आहेत म्हणून किती, हे पगाराच्या पावतीवर दिसत नाही. पुढे ती पावतीच दानाची पेटी झाली. १९४३ मध्ये अमेरिकेत आयकर थेट पगारातून कापला जाऊ लागला. एक कपात शक्य असेल तर दुसरी का नाही, हा हिशेब सरळ होता. कारखान्यांत आणि कचेऱ्यांत वर्गणीची कपातही त्याच रकान्याशेजारी येऊन बसली. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत वर्गण्यांचा इतका सुळसुळाट झाला की १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींना त्याला शिस्त लावणारा आदेश काढावा लागला. १९६४ पासून सगळ्या वर्गण्या एकाच मोहिमेत बांधण्याचे प्रयोग सुरू झाले. तेव्हापासून शरद संपता संपता टेबलावर तो अर्ज येतो, आणि थंडीच्या सूचनांचे पत्रकही त्याच सुमारास.

सूचनांचे पत्रक मात्र उशिरा आले. थंडी मोजायला थर्मामीटर पुरत नाही, वारा धरावा लागतो, हे दाखवले पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसल यांनी. सिपल बालवीर असताना ध्रुवसंशोधक बर्ड यांच्या अंटार्क्टिका मोहिमेवर गेले होते. १९४१ मध्ये तिथल्याच तळावर या दोघांनी प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगले आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजले. निष्कर्ष छापून आले १९४५ मध्ये. नळकांडे म्हणजे माणसाचा चेहरा नव्हे, म्हणून २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने सूत्र बदलले. त्यासाठी टोरांटोत बारा स्वयंसेवक वाऱ्याच्या बोगद्यात चालत राहिले. नव्या सूत्राने पारा उणे १० अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असला, तर उघड्या कातडीला ते उणे २० वाटते. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या कामगार खात्याने तर चार तासांच्या पाळीचे कोष्टकच बनवले: गारठा वाढेल तशी उबदार खोलीतली दहा-दहा मिनिटांची विश्रांती वाढत जाते, आणि उणे ४३ला तातडीचे नसलेले काम थांबते.

कागदावरचे कोष्टक आणि रस्त्यावरचा माणूस यांतले अंतर मेम्फिसने दाखवले. १ फेब्रुवारी १९६८ला त्या शहरात धो धो पाऊस होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे कचरा उचलणारे दोन कृष्णवर्णीय कामगार आडोसा म्हणून गाडीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघेही चिरडले गेले. त्याच सुमारास पावसामुळे कृष्णवर्णीय गटारकामगारांना विनापगार घरी पाठवले होते, गोऱ्या मुकादमांचा पगार मात्र चालू राहिला. १२ फेब्रुवारीला सुमारे तेराशे कामगारांनी काम थांबवले. 'मी माणूस आहे' एवढेच लिहिलेले फलक घेऊन ते रांगेने चालले. त्यांच्या पाठीशी उभे राहायला आलेले मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिलला तिथेच मारले गेले.

दोन वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेने कामगार-सुरक्षेचा कायदा केला. पण राज्यांचे आणि शहरांचे नोकर त्यातून वगळलेले. कारखान्यातल्या फिटरला जे मिळाले, ते कचरा उचलणाऱ्याला नाही. न्यूयॉर्क राज्याने आपल्या सार्वजनिक नोकरांसाठी वेगळा कायदा केला तो १९८० मध्ये. आणि केंद्राच्या नियमांत आजही थंडीचा असा आकडा नाही, ज्याच्या खाली काम बंद. मालकाने ज्ञात धोक्यांपासून कामगाराला जपावे, असे सर्वसाधारण कलम आहे, त्यातच थंडी धरायची.

मधल्या काळात बर्फाने राजकारण्यांनाही धडा दिला. ९ फेब्रुवारी १९६९ला न्यूयॉर्कवर पंधरा इंच बर्फ पडला. बर्फ काढणारी जवळपास चाळीस टक्के यंत्रे नादुरुस्त निघाली. मॅनहॅटन मोकळे झाले, क्वीन्स दिवसेंदिवस गाडलेलेच राहिले. संयुक्त राष्ट्रांत मोठ्या पदावर असलेले नोबेलविजेते राल्फ बंच क्वीन्समध्ये राहत. त्यांनी महापौर जॉन लिंडसे यांना संतापून तार केली. शहरात ४२ जण दगावले होते. लिंडसे पाहणीला गेले तर त्यांची गाडीच बर्फात रुतली आणि बायकांनी त्यांना तोंडावर सुनावले. दहा वर्षांनी शिकागोचे महापौर मायकेल बिलांडिक यांची खुर्ची बर्फाच्या अशाच गोंधळात गेली. पक्षांतर्गत निवडणुकीत जेन बर्न यांनी त्यांना हरवले.

आज न्यूयॉर्कमध्ये बर्फाचा इशारा आला की कचऱ्याच्या गाड्यांना पुढून नांगर बसतो, चाकांना साखळ्या चढतात, मिठाच्या गाड्या बाहेर पडतात आणि कामगारांच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या लागतात. बसथांबे, रस्ता ओलांडायचे पट्टे आणि अग्निशामक नळ यांच्याभोवती यंत्र पोचत नाही. तिथे अजूनही रोजंदारीवरची माणसे लागतात. खात्याच्या गॅरेजात ओळखपत्र घेऊन नाव नोंदवायचे, तासावर मजुरी घ्यायची. आत सुती कपडे नकोत, घामाने ओले झाले की तेच गारठवतात. छातीत दुखले तर फावडे टाकून बसा. हे आता त्यांना कोणीतरी सांगते.

आणि पोलीस ठाणी? 'न्यूयॉर्क केअर्स' या संस्थेने १९८८ पासून दर हिवाळ्यात वापरलेले कोट गोळा करायला सुरुवात केली. तिच्या जाहिरातीत स्वातंत्र्यदेवीचा पुतळा स्वतःला कवटाळून कुडकुडतो. कोट टाकायच्या पेट्या जिथे ठेवतात त्यांत शहरातली पोलीस ठाणीही आहेत. १९३०च्या हिवाळ्यात कोळशासाठी अशाच ठाण्यांच्या दारात रांग होती; आता तिथे कोणीतरी गेल्या वर्षीचा लोकरी कोट घडी करून पेटीत ठेवतो आणि पायऱ्यांवर मीठ टाकणाऱ्या माणसाच्या बाजूने बाहेर पडतो.